आधी फिटनेस आणा

सिरोंच्यात माणूस आजारी पडला की आजार कोणता हे नंतर ठरतं; आधी नदी कोणती ओलांडायची हे ठरतं. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आणि तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला सोमनूरजवळ इंद्रावती. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे गडचिरोली. ते दोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि आलापल्लीपर्यंतचा रस्ता असा की धडधाकट गुडघे घेऊन निघालेला माणूसही पोचल्यावर हाडाच्या डॉक्टरची चौकशी करतो. त्यामुळे किरकोळ दुखण्यांपुरता गावचा दवाखाना, आणि जरा मोठं काही निघालं की पूल ओलांडून तेलंगणा. मंचेरियाल, करीमनगर, वरंगल. फारच नामांकित दुखणं असेल तर हैदराबाद. आमच्याकडे आजाराची प्रत किलोमीटरवर ठरते.

"कुठं दाखवलं?"

"मंचेरियालला."

"हां, म्हणजे तसं काही विशेष नाही."

गोदावरीवरचा पूल ओलांडला की कालेश्वरम. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत. एक कालेश्वर, म्हणजे साक्षात यम, आणि दुसरं मुक्तेश्वर. या वाटेनं ऑपरेशनला निघालेली गाडी इथं थांबल्याशिवाय पुढे जात नाही. दोघांनाही नारळ फोडतात. कोणाकडे काय मागितलं हे मात्र कोणी सांगत नाही. आमची आत्या सांगते. "यमाला बोलून आले. म्हटलं, आम्ही फक्त गुडघ्यासाठी चाललोय. मधे पडू नको."

आत्याचे गुडघे गेले ते कामानं. धानाची रोवणी, निंदण, मोहफुलं वेचणं, तेंदूची पानं तोडणं, ही सगळी कामं जमिनीच्या जवळची. स्वयंपाक खाली बसून, भांडी खाली बसून, आणि दुपारच्या गप्पा तर त्याहून खाली, उंबरठ्यावर. साठी ओलांडेपर्यंत दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेरच्या अंगाला वाकले. बाजारात ओळखीची बाई भेटली की "अक्का, मोकाळ्ळु एट्ला उन्नायि?" असं तेलुगूत गुडघ्यांचं विचारायची, आत्या मराठीत कण्हायची, आणि औषधाचं नाव दोघी इंग्रजीत घ्यायच्या. आतोबांचे गुडघेही त्याच वयाचे. पण पुरुषाच्या गुडघ्याला आमच्याकडे प्रतिष्ठा असते, तो दुखत नाही, 'जरा धरतो'.

शेवटी दोघांनाही गाडीत घालून नदीपलीकडच्या शहरात नेलं. डॉक्टरांनी दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी उजेडावर लावले. दोघांच्याही हाडांमधली फट संपलेली. "बदलावे लागतील," डॉक्टर म्हणाले. आमची पूर्ण तयारी होती. गुडघ्याच्या वाट्या बदलतात हे आता कोणाला नवीन नाही. आतोबांना तर अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे तोंडपाठ: मुंबईचा ब्रीच कँडी दवाखाना, अमेरिकेहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत, एक गुडघा 2000 साली आणि दुसरा 2001 साली. किमतीचीही माहिती काढलेली होती. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या भावाला लगाम घातला, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी बांधून दिली. त्याआधी तो दीड लाखाच्या पुढेही जायचा. (दवाखान्याची खोली, भूल, औषधं यांचा भाव कोणी बांधला नाही, पण ते बिल आल्यावर कळतं.) तिकडची आरोग्यश्री योजना तिकडच्या लोकांना, तेव्हा पैशांची सोय धान विकून केलेली. आतोबांनी जोडप्याला काही सूट मिळते का तेही विचारून घेतलं.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "आधी फिटनेस आणा."

इथून खरी गोष्ट सुरू होते.

आपल्या देशात जन्माला आलेल्या माणसाला 'आणा' हे क्रियापद ऐकलं की एकच अर्थ लागतो: दाखला. रहिवासी आणा, उत्पन्नाचा आणा, जातीचा आणा, पडताळणी आणा. ट्रकला जसा आरटीओचा फिटनेस लागतो तसा हा माणसाचा, एवढंच. ट्रक आतून कसाही खिळखिळा असो, कागद पाहिजे. आतोबांनी गाडीतच विचारलं, "सेतू केंद्रात मिळेल का?" सोबत आलेल्या एका भाचेजावयानं जास्त व्यवहारी सूचना केली. अहेरीला त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते तपासत बसत नाहीत, लिहून देतात. या गुणाबद्दल त्यांचं पंचक्रोशीत नाव आहे.

पण डॉक्टरांना नुसता कागद नको होता, तपासण्या हव्या होत्या. बदलायचंय हाड, आणि ही मंडळी हृदय, दात, नाक, लघवी सगळं कशाला बघतात, हा प्रश्न नुसता आत्याचा नाही. तो मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडीही ऐकला आहे. लोकांना वाटतं की ऑपरेशन म्हणजे कापाकापी, आणि तिचा धोका सर्जनच्या हातात. खरं म्हणजे गुडघा बसवायला तास-दीड तास पुरतो. धोका रोगी घरून डबा बांधून आणतो: साखर, तंबाखू, पातळ रक्त, किडके दात, बोटांमधल्या चिखल्या. कागदावर तंदुरुस्त असण्याचं काय होतं याचं उदाहरण आमच्या उशालाच आहे. सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्ड्याचं बॅरेज 2019 च्या जूनमध्ये थाटामाटात सुरू झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. मग धरण सुरक्षा प्राधिकरणाची समिती आली आणि तिनं नियोजन, आराखडा, गुणवत्ता अशा सगळ्यांवर बोट ठेवलं. खांब उभे करण्याआधीही कोणीतरी कुठंतरी सही केलीच असणार. आमच्या गावातला प्रत्येक माणूस त्या खांबांवर तासभर व्याख्यान देतो आणि घरी जाऊन स्वतःच्या खांबांसाठी अहेरीच्या त्या डॉक्टरचा नंबर शोधतो.

तर साखर. आत्याला शुगर आहे हे तिला मान्य नव्हतं. तिची शुगर 'बॉर्डरवर' होती. गावच बॉर्डरवर असल्यानं याचं तिला काही वाटायचं नाही. तपासणीला जायचं म्हटलं की आदल्या दिवशी दुपारपासून ती काही खायची नाही, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायची आणि आकडा सुरेख यायचा. या विद्येवर तिनं कितीतरी वर्षं डॉक्टरांना जिंकलं होतं. या वेळी मात्र रक्ताची एचबीए1सी नावाची तपासणी निघाली. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरली ती तिला चिकटत जाते, आणि ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढून देते. म्हणजे संक्रांत, हळदीकुंकू, पुतण्याचं लग्न, सगळं आलं. आत्याचा आकडा साडेनऊ. डॉक्टरांना तो साडेसातच्या आसपास हवा होता. आठच्या वर गेलं की जखम चिघळण्याची भीती वाढते, आणि आत बसवलेल्या धातूवर एकदा जंतूंनी ठाण मांडलं की नुसत्या गोळ्यांनी ते उठत नाहीत. बसवलेला गुडघा परत काढावा लागतो. ही शेवटची माहिती ऐकून आत्या गंभीर झाली. "काढलेला गुडघा घरी देतात का?" तिनं विचारलं.

भात बंद करा, निदान एका वेळेवर आणा, असं आहारवाल्या बाईंनी सांगितलं. सिरोंच्यात हे सांगणं म्हणजे मासळीला पाणी कमी करायला सांगणं. तरी आत्यानं भात सोडला, आणि सोडल्याचं अर्ध्या गावाला कळवलं. त्यानंतर ती सकाळी इडली खायची, दहाच्या सुमारास पोहे, दुपारी डोसा, चहाबरोबर मुरमुरे, आणि कोणी करीमनगरहून आणले की सकिनालु, म्हणजे तिकडची चकली. हे सगळं तांदळाचंच आहे, असं मी म्हटलं तर तिनं माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. "भात म्हणजे भात," ती म्हणाली, "हे फराळाचं आहे." पुढच्या तपासणीत आकडा जिथल्या तिथं. आहारवाल्या बाई तेलुगू होत्या, त्यांना सकिनालुचं पीठ कशाचं हे सांगावं लागलं नाही.

तपासणीच्या कागदावर आणखी एक रकाना होता, आणि तो आमच्या भागात गमतीचा नाही: सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपूरकडे हा रक्ताचा दोष पुष्कळ घरांत पिढ्यांपिढ्या चालत आलेला आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि खुब्याच्या हाडाचं डोकं रक्ताविना मरतं. साठीच्या आत्याला गुडघा लागतो, पण इथं पंचविशीतल्या पोराला खुबा बदलायची वेळ येते ती यामुळे. अशा रोग्याला थंडी, तहान आणि प्राणवायूची कमतरता तिन्ही घातक. म्हणून ऑपरेशनच्या खोलीत त्याला उबदार ठेवायचं, सलाईन कमी पडू द्यायचं नाही, गरज असेल तर आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहापर्यंत आणायचं, आणि मांडीला रक्त थांबवणारा पट्टा आवळण्याआधी दोनदा विचार करायचा. शिवाय त्याच्या पेशी लवकर मरत असल्यानं ती तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीसुद्धा त्याच्या बाबतीत खोटं बोलते. साखर कमी दिसते. हे ज्या डॉक्टरला माहीत नाही त्याच्याकडे आमच्या भागातल्या माणसानं जाऊ नये. आणि ज्याला सिकल असल्याचं स्वतःलाच ठाऊक नाही, त्यानं निदान विद्राव्यतेची साधी तपासणी करून घेतल्याशिवाय भुलीच्या टेबलावर चढू नये. आत्या-आतोबांचा तो रकाना कोरा निघाला. आत्याचं हिमोग्लोबिन मात्र नऊ. "चांगलंय की," ती म्हणाली. आमच्या बायकांमध्ये नऊ म्हणजे पहिलवान. डॉक्टरांनी लोहाची औषधं लिहून दिली आणि ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं.

आता आतोबा.

खर्रा म्हणजे काय हे नागपूरच्या अलीकडच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत बांधून हातानं भराभर घोटायचं, आणि मग ती पुडी गालात ठेवून दिवस काढायचा. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, राज्यात सुगंधित तंबाखूवर बंदी आहे. दोन्ही बंद्या वर्तमानपत्रात आहेत आणि खर्रा पानठेल्यावर आहे. 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं चालणारं मुक्तिपथ अभियान गावोगाव याविरुद्ध सभा घेतं. अशाच एका सभेला आतोबा अध्यक्ष होते. गालात खर्रा असल्यामुळे अध्यक्षीय भाषण झालं नाही, आणि ते फार आवडलं असं पुष्कळ जणांनी येऊन सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "तंबाखू बंद. निदान चार आठवडे आधी, सहा असतील तर उत्तम." निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कापलेल्या कातडीला रक्त पुरत नाही, टाके उसवतात, हाड जुळायला वेळ लागतो. आतोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तंबाखू तोंडात, जखम गुडघ्यात. मधे किती अंतर आहे, जी?" डॉक्टरांनी सांगितलं की रक्ताला अंतर वगैरे काही नसतं, आणि वर हेही सांगितलं की लघवीतल्या कोटिनिनवरून तंबाखू चालू आहे की बंद हे कळतं. आपली लघवी आपल्याविरुद्ध साक्ष देते हे ऐकून आतोबांचा माणुसकीवरचा विश्वास उडाला. तरी त्यांनी तोडगा काढला. पुडी पूर्ण, पण गालात अर्धी. उरलेली अर्धी दुसऱ्या गालात.

मग त्यांची गाठ भुलीच्या डॉक्टरांशी पडली. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आतोबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

आतोबांनी उघडलं.

"उघडा."

"उघललंय," आतोबा म्हणाले.

बाईंनी आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून त्यांच्या दातांमध्ये घालून पाहिली. मोकळ्या तोंडात तीन बोटं जातात. आतोबांच्या तोंडात दीड गेलं. ज्या माणसाचं तोंड ग्रामसभेपासून दशक्रियेपर्यंत कोणाला मिटवता आलं नाही, ते त्याला स्वतःला उघडता येत नव्हतं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडून दोरखंड झाली होती. जेवताना घास लहान घेतात हे आत्यानं पाहिलं होतं, पण तिला ते म्हातारपणी आलेलं सभ्यपण वाटलं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. गुडघ्यासाठी कमरेत सुई देऊन पाय बधिर करतात, तोंडाचं काम पडत नाही. पण ऐन वेळी श्वास अडला, तर घशातून नळी घालावी लागते, आणि ती दीड बोटाच्या फटीतून जात नाही. तेव्हा ती नाकातून, दुर्बिणीनं, माणूस जागा असताना घालावी लागेल.

"जागा असताना?" आतोबांनी विचारलं.

"हो. जागं राहून मदत करावी लागते."

त्या दिवसापासून आतोबांचा खर्रा सुटला. तंबाखूचे दुष्परिणाम दाखवणारी पुडीवरची भयंकर चित्रं ते वर्षानुवर्षं निर्विकारपणे पाहत होते. एका हळू बोलणाऱ्या बाईच्या 'मदत' या शब्दानं काम झालं. सुटला म्हणजे सुटत होता. पहिले आठ दिवस घरातल्या कोणाशी त्यांचं पटलं नाही, पानठेलेवाला स्वतः चौकशीला येऊन गेला, आणि त्यांनी बडीशेप खाण्याचा जो वेग धरला तो पाहून आत्याला वाटलं की आता बडीशेप सोडवायला कोणाकडे न्यावं.

दातांचं वेगळंच. किडक्या दातातले जंतू रक्तात उतरून नव्या सांध्यात घर करू शकतात, म्हणून हाडाच्या डॉक्टरनं दोघांना दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. आतोबांचे दोन दात काढायचे ठरले, पण तोंड उघडत नसल्यानं तिथंही सकाळ-संध्याकाळ तोंड ताणायचे व्यायाम सुरू झाले. नंतर नाकात मलम. दर तिघांत एकाच्या नाकात स्टॅफ नावाचे जंतू मुक्कामाला असतात. माणसाला ते काही करत नाहीत, पण कापलेल्या जागी पोचले तर उच्छाद मांडतात. मग पाय. डॉक्टर गुडघ्याकडे ढुंकूनही न बघता पायाच्या बोटांमध्ये बॅटरी घेऊन डोकावले. रोवणीच्या चिखलानं पडलेल्या चिखल्या, टाचांच्या भेगा. त्या भरल्याशिवाय तारीख नाही. आमच्याकडे हत्तीरोगाचे रोगीही आहेत, त्यांच्या सुजलेल्या पायाची काळजी तर याहून बारकाईनं घ्यावी लागते. आत्याचं म्हणणं, "गुडघा सोडून सगळीकडे बघून झालं यांचं."

हे बघणं वायफळ नाही, ते इतिहासानं महागात शिकवलं आहे. 1890 च्या सुमाराला बर्लिनच्या थेमिस्टोक्लस ग्लुक नावाच्या सर्जननं माणसाच्या गुडघ्यात चक्क हस्तिदंताचा सांधा बसवला होता. कारागिरी अप्रतिम. पण रोगी क्षयाचे, त्यांच्या सांध्यात आधीच जंतू होते, आणि त्यापुढे हस्तिदंताचं काही चाललं नाही. आम्ही मंडळी आजही हस्तिदंत कोणत्या कंपनीचं चांगलं एवढंच विचारत असतो.

हत्तीवरून आठवलं. राज्यातला एकुलता एक सरकारी हत्ती कॅम्प कमलापूरला, आमच्याच सिरोंचा वनविभागात आहे. तिथल्या हत्तींना दर हिवाळ्यात हक्काची रजा मिळते. त्या रजेत जडीबुटी उकळून केलेल्या औषधानं त्यांचे पाय शेकतात, तळवे तपासतात. त्याला चोपिंग म्हणतात. काही टन वजन पेलणारे पाय, तेव्हा ते दुखण्याची वाट न बघता वर्षाला एकदा बघून घेतलेले बरे, हे वनखात्याला कळलं आहे. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा वजन केलं तेही फिटनेससाठी, आणि काट्यावर उभं राहताना त्यांनी खिशातली किल्ली आणि सुटे पैसे माझ्या हातात दिले.

मधल्या काळात शेजारपाजारची औषधं सुरू होतीच. एका नातलगानं आत्याला काळसर भुकटी आणून दिली, कुठल्यातरी जत्रेतली. दोन दिवसांत गुडघे असे मोकळे झाले की तिनं अंगणात सडा घातला. डॉक्टरांना ती पुडी दाखवल्यावर ते हसले नाहीत. अशा भुकट्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दडपतं, साखर चढते, आणि बरेच दिवस घेतलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड करणं विसरतं, मग ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळतो. गुडघ्यात घ्यायच्या इंजेक्शनचीही तीच गत. ऑपरेशनच्या आधीचे तीन महिने ते नको, जंतुसंसर्गाची भीती वाढते. मधेच आत्याची साखर अकस्मात चढली होती, त्याचा उलगडा झाला. नातलगानं मात्र हार मानली नाही. "गुण आला ना?" तो म्हणाला. "मग ते स्टिरॉइड का असेना."

याबरोबर मांडीचे व्यायाम होते. खाटेवर पाय सरळ करून गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा, आणि तो गुडघ्यानं खाली दाबून मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. ऑपरेशनच्या आधी मांडीचा स्नायू जेवढा तयार, तेवढं नंतर चालणं सोपं. आत्या आकडे तेलुगूत मोजायची, कारण मराठीत मोजताना मधेच कोणीतरी बोलायचं आणि गाडी चुकायची. घरही बदललं. कमोड आला, खाट विटांवर चढली, गोधड्या-सतरंज्या पायात येणार नाहीत अशा उचलल्या गेल्या. आत्या खुर्चीवर बसून भाजी चिरायला लागली तेव्हा शेजारणींना वाटलं, हिला नोकरी लागली.

तारखेचं राजकारण तर निराळंच. पावसाळ्यात नको, नद्या फुगल्या की आम्ही बेटावर. 2022 च्या जुलैतला पूर सगळ्यांच्या लक्षात आहे. धान कापणीच्या आत नको. लग्नसराईत नको. शेवटी धान विकल्यावर आणि महाशिवरात्रीच्या जत्रेच्या आधी अशी एक फट सापडली. डॉक्टरांना वाटलं की तारीख त्यांनी दिली.

आत्याचा आकडा सव्वासातवर आला, हिमोग्लोबिन बाराला टेकलं, छातीचा आलेख आणि हृदयाची सोनोग्राफी सरळ निघाली. फिटनेस मिळाला. तो कागद हातात पडल्यावर ती म्हणाली, "आता दुखतही कमी. एवढं सगळं जमलं, तर ऑपरेशन कशाला?" वजन कमी झालं, मांड्या तयार झाल्या की असं होतं, पुष्कळांचं होतं, आणि काहींचं त्यावर भागतंही. डॉक्टरांनी तिला पुन्हा एक्स-रे दाखवला. हाडावर हाड बसलेलं होतं. ती तयार झाली.

आतोबांची तारीख तिच्या दुसऱ्याच दिवशी होती. ऑपरेशनला जायचं म्हणजे स्वच्छ जायचं, या विचारानं त्यांनी निघायच्या आधी गावच्या न्हाव्याकडून दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत गुळगुळीत करून घेतले. वस्तऱ्यानं. दवाखान्यात केस काढायचे तर ऐन वेळी यंत्रानं छाटतात, वस्तरा लावतच नाहीत, कारण त्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू शिरतात. आतोबांच्या पायांवर असे ओरखडे मोजता येणार नाहीत इतके. त्यांना आल्या पावली परत पाठवलं. जाताना ते भुलीच्या बाईंना तोंड उघडून दाखवून आले. दोन बोटं जात होती.

आत्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिण्याजोगं काही घडलं नाही. आदल्या रात्री औषधी साबणानं अंघोळ, सहा तास आधी जेवण बंद, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं. तिला भेटायला आलेल्यांनी खोलीत एवढे सकिनालु आणले की परिचारिकेनं ते काढून घेऊन स्टाफला वाटले.

आता आत्या ओसरीवर उंच खुर्चीत बसते आणि रस्त्यानं लंगडत जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारते. परवा तेंदूच्या फडीवरचे एक मुन्शी आले. गुडघा धरलेला, गाल फुगलेला. डॉक्टरांचा नंबर हवा होता.

"नंबर मग देते," आत्या म्हणाली. "तीन महिन्यांची शुगर किती?"

मुन्शींनी हातानंच बॉर्डरवर असल्याचं दाखवलं.

"पाय इकडं करा. चिखल्या आहेत. दात? बरं, तोंड उघडा." आणि तिनं तीन बोटं उभी धरली.

मुन्शी केविलवाणे होऊन आत बसलेल्या आतोबांकडे वळले. आतोबा बडीशेप चघळत होते. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "माझी सोमवारी तपासणी आहे."